चोवीस फुटांची अट मी लिहिली नव्हती

सॅन होजेकर,

तुम्ही नावाच्या जागी एवढंच लिहिलंय, म्हणून मीही त्याच नावाने हाक मारते. तुमची प्रतिक्रिया वाचून पहिलं उत्तर मी तिरीमिरीत लिहिलं होतं. सकाळी चहा घेताना परत वाचलं आणि पुसून टाकलं. मुख्य मुद्द्यात तुमचंच बरोबर होतं आणि मी बाकीच्या चार मुद्द्यांवर भांडत बसले होते.

ज्यांच्या नजरेतून तुमची प्रतिक्रिया निसटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी 'गर्दी नसलेली नॅशनल पार्कं' ही पोस्ट वाचून तुम्ही ३० फुटी आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतलीत. साताऱ्याहून आलेले आईबाबा आणि दोन मुलं यांना घेऊन ४ जुलैच्या आठवड्यात नेवाडातल्या ग्रेट बेसिनला गेलात. घरापासून सहाशेच्या वर मैल. मी जिथे राहा म्हटलं होतं, त्या व्हीलर पीक कॅम्पग्राउंडच्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे, हे तुम्हाला माझ्याऐवजी तिथल्या पाटीने सांगितलं. खालच्या कॅम्पग्राउंडवर नशिबाने जागा मिळाली, पण तिथे वीज नव्हती. बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते) चालेना, शेजाऱ्याचा जनरेटर मात्र जोरात. दुसऱ्या दिवशी सांडपाण्याची टाकी भरली. "शांततेच्या नावाखाली तुम्ही लोकांना गैरसोय विकताय" असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याखालीच "अशा याद्या टाकल्यामुळेच शांत जागांची वाट लागते" हेही. शेवटी आईंचं वाक्य दिलंत: "एवढ्या लांब येऊन अंधारच बघायचा होता, तर आपलं लोडशेडिंग काय वाईट होतं?"

आईंच्या वाक्याकडे मी नंतर येते. त्या वाक्यावर मी अजून हसतेय.

आधी चूक. २४ फुटांची अट मी लिहायलाच हवी होती. लिहिली नाही, कारण आमची गाडी २२ फुटांची आहे आणि त्या पाटीकडे मी कधी नीट पाहिलंच नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. व्हीलर पीकचा रस्ता १२ मैलांत साडेतीन हजार फुटांच्या आसपास चढतो, चढ ८ टक्क्यांपर्यंत, आणि वरच्या वळणांवर आमचा नवराही तोंडातलं च्युइंगगम चावायचं थांबवतो. ३० फुटी गाडी तिथे गेली नाही हे चांगलंच झालं. पण सहाशे मैल गाडी हाकून पाटीपाशी पोचल्यावर ते कुणालाच चांगलं वाटणार नाही. मनापासून माफी मागते. मूळ पोस्टमध्ये सगळ्यात वर आता गाडीची लांबी घातली आहे, ठळक अक्षरांत.

आणि ही लांबीची भानगड फक्त ग्रेट बेसिनची नाही. मोंटानातल्या ग्लेशियर पार्कच्या गोइंग टू द सन रोडवर, अॅव्हलांच आणि रायझिंग सन यांच्या मधल्या भागात, २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, आणि त्यात बंपरही धरतात. टेक्सासमधल्या बिग बेंडला चिसोस बेसिनमध्ये २४ फुटांवरच्या आरव्हीने येऊ नये असं पार्कच सांगतं. कोलोरॅडोतल्या ब्लॅक कॅन्यनला ईस्ट पोर्टलचा रस्ता १६ टक्के उताराचा, तिथे हद्द २२ फूट. भाड्याने देणारे मात्र सहा माणसं म्हटल्यावर ३० फुटीच पुढे करतात, आणि कुठल्या रस्त्यावर जाणार हे फारसं कुणी विचारत नाही.

असं का, तर यातली बरीच कॅम्पग्राउंडं आरव्हींच्या आधीची आहेत. १९२०च्या दशकात मोटारी थेट झाडांखाली घालून लोक तंबू ठोकायचे. चाकांखाली माती दबून मुळं गुदमरायची आणि झाडं मरायची. माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने ते हेरलं आणि १९३२ साली कॅम्पग्राउंडची नवी आखणी सुचवली: एकेरी वळसा घेणारा रस्ता, प्रत्येक तंबूपाशी गाडीपुरती एक छोटी खाच, आणि गाडी त्या खाचेबाहेर जाऊ नये म्हणून कडेला मोठे दगड. मंदीच्या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी देशभर अशी कॅम्पग्राउंडं बांधली. आजही आपण 'लूप ए', 'लूप बी' म्हणतो ते त्याचंच. ती खाच त्या काळच्या मोटारीच्या मापाची होती. ३० फुटी गाडी तिच्यात बसत नाही यात गाडीचाही दोष नाही आणि दगडांचाही.

आता ज्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, त्याकडे. तुम्ही म्हणता मी गैरसोय विकते. मी म्हणेन, ती गैरसोय हीच तिथली किंमत आहे, आणि मी पोस्टमध्ये माल दाखवला, किंमत सांगितली नाही. ग्रेट बेसिनला वर्षाला दीड लाखाच्या आसपास लोक येतात. शेजारच्या युटामधल्या झायनला जवळपास अर्धा कोटी. का? ग्रेट बेसिन कमी देखणं आहे म्हणून नक्कीच नाही. १३,०६३ फुटांचं शिखर आहे, लेहमन गुहा आहेत, हजारो वर्षं जुने ब्रिसलकोन पाइन आहेत. पण लास व्हेगासहून झायनला अडीच तासांत पोचता येतं, आणि इथे सॉल्ट लेक सिटीहून आम्हाला चार तास लागतात, तेही रिकाम्या माळावरून. पार्कात हॉटेल नाही. एकाही कॅम्पग्राउंडवर हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाही. मोठं गाव म्हणजे इली, साठेक मैल लांब, आणि दवाखाना लागलाच तर तिथेच. उद्या तिथे पन्नास हुकअप, वायफाय आणि बर्गरचं दुकान झालं, तर पुढच्या ४ जुलैला तुमच्या शेजारी एकाऐवजी आठ जनरेटर असतील.

'सगळ्यात कमी पर्यटक' अशा ज्या याद्या फिरतात (तुम्हीही एक बघितली होती म्हणालात) त्यांच्याबद्दल एक सांगते, कारण त्या माझ्या पोस्टपेक्षा जास्त फसवतात. त्यांत वरच्या नंबरात असतं गेट्स ऑफ द आर्क्टिक, जिथे रस्ताच जात नाही. आयल रॉयल असतं, तिथे बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं. आरव्हीवाल्याने तिकडे बघून काय करायचं? आणि नॉर्थ कॅस्केड्स असतं. ते तर गंमतच आहे. आकड्यात ते देशातल्या सर्वांत रिकाम्या पार्कांपैकी एक, पण हायवे २० ज्या पट्ट्यातून जातो आणि जिथे न्यूहेलेम, कलोनियल क्रीक ही कॅम्पग्राउंडं आहेत, तो पट्टा कागदोपत्री रॉस लेक नॅशनल रिक्रिएशन एरियात मोडतो. त्यामुळे तिथली माणसं पार्कच्या खात्यात धरलीच जात नाहीत. यादी बघून ऑगस्टच्या शनिवारी गेलात तर रिकाम्या पार्कच्या दारातल्या भरलेल्या कॅम्पग्राउंडवर उभे राहाल. आम्ही राहिलोय.

जनरेटरबद्दल. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, आणि थोडी शरमिंदीही. आरव्ही घेऊन शांतता शोधायला निघणं यात मुळातच विनोद आहे. नॅशनल पार्कांच्या नियमात ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे समोरासमोरच्या साध्या गप्पांइतका आवाज. जनरेटरच्या वेळाही कॅम्पग्राउंडवर लावलेल्या असतात, पण त्या ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे पाटी वाचून मगच शेजाऱ्याकडे जा. बिग बेंडच्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडवर जनरेटरला पूर्ण बंदी आहे. तिथे झोपलात तर कळतं की इतर ठिकाणी आपण ज्याला शांतता म्हणतो त्याच्या तळाशी सतत एक घरघर असते.

आणि आवाजाचं म्हणाल तर आमचाही गुन्हा कबूल करते. पहिल्या वर्षी सकाळी सहाला मी वरणभाताचा कुकर लावला. उंचावर भात शिजायला वेळ लागतो म्हणून चार शिट्ट्या. तिसऱ्या शिट्टीला शेजारचे आजोबा पायजम्यात दाराशी उभे, गॅस गळतीचा अलार्म वाजतोय का विचारत. त्यांना वरणभात खायला घातला, पण तेव्हापासून कुकर दुपारीच लागतो.

सीपॅपचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. भाड्याच्या बऱ्याच आरव्हींमध्ये भिंतीतल्या प्लगला वीज येते ती हुकअपची तार जोडलेली असताना किंवा जनरेटर चालू असतानाच. बॅटरीवर दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालतात. हे गाडी ताब्यात देताना कुणी सांगत नाही, आणि रात्री दहाला कळतं. माझ्या सासऱ्यांचंही मशीन आहे. आम्ही त्याला १२ व्होल्टची वेगळी वायर घेतली आणि एक चांगली पोर्टेबल बॅटरी. सगळ्यात जास्त वीज मशीनमधली पाणी गरम करणारी टाकी खाते. ती बंद ठेवली तर तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. पण ती बंद ठेवून बाबांना चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून, घरीच दोन रात्री करून बघा. आणि नसेलच जमत तर सरळ हुकअप घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पार्काबाहेर पाच मैलांवर बेकर गावात हुकअपवाला खाजगी आरव्ही पार्क आहे. रात्री तिथे, दिवसा पार्कात. हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, कारण आपल्यापैकी निम्म्यांच्या गाडीत आईबाबा असतातच.

उंचीचंही तसंच. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. तुम्ही राहिलात ते लोअर लेहमन क्रीक ७,३०० फुटांवर, आणि मी ज्याची शिफारस केली ते व्हीलर पीक कॅम्पग्राउंड जवळजवळ ९,९०० फुटांवर. सत्तरीतल्या माणसाला सॅन होजेच्या सपाटीवरून एका दिवसात तिथे झोपवणं बरोबर नव्हतं. म्हणजे त्या पाटीने तुम्हाला खालीच अडवलं, त्यात बाबांचं भलंच झालं म्हणायचं. (हे माझ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी म्हणत नाहीये. थोडंसं घालतेय.)

टाकी दोन दिवसांत भरली, कारण सहा माणसं आणि वाहत्या नळाखाली भांडी. यावर उपाय तुमच्या गाडीतच होता. आपल्या आयांना बादलीभर पाण्यात अख्ख्या घराची भांडी घासायची सवय असते, पण गाडीत नळ दिसला की त्यांना वाटतं अमेरिकेत असंच करायचं असतं. माझ्या सासूबाईंना मी एक प्लास्टिकचं घमेलं आणि तांब्या दिला आणि "पाणी कमी आहे" एवढंच सांगितलं. आमची टाकी पाच दिवस चालली. त्या ट्रिपमध्ये सगळ्यात खुशीत त्याच होत्या.

आता 'याद्या टाकून वाट लागते' याबद्दल. हा आरोप मी गंभीरपणे घेते. ज्या जागी संडास नाही, राखणदार नाही, नुसता माळ आहे आणि लोक गाडी उभी करून राहतात, अशा जागांची नावं मी कधीच लिहीत नाही, कितीही विचारलंत तरी. तिथे चार गाड्या जास्त आल्या तरी कागद आणि कचरा दिसायला लागतो. पण पार्कातल्या कॅम्पग्राउंडची गोष्ट वेगळी. लोअर लेहमन क्रीकला जागाच मोजून ११. माझी पोस्ट पाचशे जणांनी वाचली काय की पाच हजारांनी, त्या ११च राहतात. फार तर तुम्हाला बुकिंग मिळत नाही.

तरी तुम्ही गेलात तो आठवडा मात्र माझ्या माथी मारू नका. ४ जुलै हा या देशाचा गणपती आणि दिवाळी एकत्र असलेला आठवडा. सुट्ट्या तेव्हाच मिळतात, आईबाबांचा व्हिसा सहा महिन्यांचा, मुलांच्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू, हे मला माहीत आहे, आमचंही तेच होतं. पण मग निदान सोमवारी दुपारी पोचा आणि गुरुवारी सकाळी निघा. दोन-तीन वारांच्या फरकाने जेवढं रिकामं मिळतं, तेवढं चारशे मैल लांब जाऊनही मिळत नाही.

तुम्ही शेवटी चिडून विचारलंत, "मग आम्ही जायचं तरी कुठे?" चिडून विचारलं असलंत तरी प्रश्न खरा आहे. तुमच्या घराजवळचं लासेन व्होल्कॅनिक. सॅन होजेहून एका दिवसात आरामात पोचाल. मॅन्झनिटा लेकचं कॅम्पग्राउंड सहाएक हजार फुटांवर, मोठ्या गाड्यांनाही जागा, डंप स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा), दुकान, शॉवर, कपडे धुण्याची मशीनं. हुकअप तिथेही नाही, त्यामुळे बॅटरीची तयारी हवीच. तळ्यात सकाळी लासेन शिखराचं प्रतिबिंब पडतं. १९१४ ते १९१७ या काळात ते खदखदत होतं आणि १९१५च्या मे महिन्यात मोठा स्फोट झाला. बाबांना अशा गोष्टी आवडतात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. वर्षाला चार लाखांच्या आसपास लोक येतात, योसेमिटीच्या दहाव्या हिश्शाइतके. २०२१च्या डिक्सी वणव्यात पार्कचा मोठा भाग जळाला, काळे बुंधे दिसतील, ते मुलांना आधी सांगून ठेवा. पार्कातला मुख्य रस्ता बर्फामुळे कधी कधी जुलै उजाडेपर्यंत उघडत नाही, पण तळं त्या रस्त्याच्या उत्तर टोकाला, दाराजवळच आहे. शनिवार-रविवारी तिथेही गर्दी असते. आता किंमत आधी सांगतेय, बघा.

पूर्ण हुकअपच हवं असेल आणि लांब जायची तयारी असेल तर बिग बेंडला रिओ ग्रान्दे व्हिलेजमध्ये तशा २५ जागा आहेत. डांबरी पार्किंग लॉट आहे तो, निसर्गाच्या कुशीत वगैरे समजू नका. पण संध्याकाळी समोरचे मेक्सिकोचे कडे गुलाबी होतात आणि रात्री एसी चालतो. उन्हाळ्यात मात्र नको, भाजून निघाल. आणि मार्चमधली स्प्रिंग ब्रेक आणि थँक्सगिव्हिंग टाळा. ब्लॅक कॅन्यनच्या साउथ रिमला वीज असलेला एक लूप आहे, पण २०२५च्या जुलैत आकाशातली वीज पडून लागलेल्या वणव्यात तो भाग बराच जळला, तेव्हा आधी चौकशी करा.

माझं स्वतःचं लाडकं विचाराल तर नॉर्थ डकोटातलं थिओडोर रूझवेल्ट, आणि त्यातही नॉर्थ युनिट. लोक हायवेला लागून असलेलं साउथ युनिट बघून पुढे जातात. वरच्या ज्युनिपर कॅम्पग्राउंडवर कॉटनवुडची सावली, नदी, सपाट जमीन, मोठ्या गाडीलाही त्रास नाही. एकदा पहाटे गाडी हलायला लागली. मला वाटलं नवरा उठला. तो शेजारीच घोरत होता. खिडकीतून बघितलं तर एक गवा आमच्या गाडीच्या कोपऱ्याला अंग घासत होता. (खरं तर बायसन, पण आमच्या घरी गवाच म्हणतात.) नियमाप्रमाणे त्याच्यापासून २५ यार्ड लांब राहायचं. तो आमच्यापासून पाच इंचांवर. तासभर कुणी दार उघडलं नाही, चहा तिथेच झाला. तिथेही सगळं गोड नाही बरं का. आजूबाजूला तेलविहिरी आहेत, हायवे ८५ वर टँकर धावतात, आणि रात्री क्षितिजावर वायू जाळण्याच्या ज्वाळा दिसतात.

एक पैशाचं राहिलं. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांकडून झायन, योसेमिटी, यलोस्टोन अशा गर्दीच्या ११ पार्कांमध्ये माणशी १०० डॉलर जादा घेतात. टुरिस्ट व्हिसावरचे आईबाबा त्यात येतात. लासेन त्या यादीत नाही. ग्रेट बेसिनही नाही, तिथे तर प्रवेशशुल्कच नाही, फक्त गुहेचं तिकीट.

आणि आता आई. ग्रेट बेसिनला २०१६ साली डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या पार्कचा, दर्जा मिळाला. मी पोस्टमध्ये त्यावर दोन परिच्छेद भरून लिहिलं होतं, आकाशगंगा वगैरे. आईंनी ते सगळं एका वाक्यात निकालात काढलं. मी लहानपणी निफाडला लोडशेडिंगच्या रात्री गच्चीवर सतरंजी टाकून जे आकाश बघितलंय, तेच मी इथे चार तास गाडी हाकून बघायला जाते, हे मला त्यांच्या वाक्यामुळे पहिल्यांदा सुचलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांची हरकत नसेल तर ते वाक्य मला पोस्टच्या अगदी वर लावायचंय, २४ फुटांच्या सूचनेच्याही वर. विचारून कळवाल का?